विषय: गणेशोत्सवाच्या पानावर शिरोरेषा तुटतेय

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,
उत्सवाचं पान नव्या टेम्प्लेटवर चढवलं, पण मराठी शीर्षकांतली अक्षरं एकमेकांपासून सुटी दिसताहेत. इंग्रजी भाग छान दिसतो. स्टाइलशीटच्या (पान कसं दिसावं याच्या नियमांच्या फाइलच्या) अगदी शेवटी मी एच-टूसाठी, म्हणजे शीर्षकांच्या टॅगसाठी, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य लिहिलं, रंगही बदलून पाहिला. काहीच फरक नाही. तुम्ही मुंबईला गेला आहात हे माहीत आहे, तरी जमलं तर बघाल का? शनिवारी सगळ्यांना लिंक पाठवायची आहे.

---

प्रेषक: वेबसाइट समिती (सध्या मुक्काम दादर)

ताई,
काल रात्री आईच्या फोनवर पान उघडलं. तिने ‘आरती आणि महाप्रसाद’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे असं तुटक का छापलंय?” तेव्हाच लॅपटॉप काढला.

टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग आहे. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांना ते शोभतं. आपल्याकडे मात्र दर अक्षरापाशी शिरोरेषाच कापली जाते.

तुमचा नियम चुकला नव्हता, कमी पडला. टेम्प्लेटने मुख्य भागाचा आयडी (पानात एकदाच येणारं नाव) घेऊन त्यातलं एच-टू पकडलंय. दोन नियम भिडले की ब्राउझर आधी सिलेक्टरमधले (नियम कशाला लागू ते सांगणाऱ्या भागातले) आयडी मोजतो, मग क्लास (अनेकांना देता येणारं नाव), मग टॅग. त्याच क्रमाने तुमचा ०-०-१, टेम्प्लेटचा १-०-१. शेवटी लिहिलेला नियम जिंकतो, पण बरोबरी झाली तरच. आणि यात हातचा नसतो: अकरा क्लास एकत्र लावले तरी एका आयडीपुढे ते हरतात.

‘इम्पॉर्टंट’ (ही मोजणी डावलून नियम जिंकवणारा शब्द) लावून जोर करू नका, अशी कळकळीची विनंती. पुढच्या वर्षी जो कोणी पान हाती घेईल, त्याला त्याच्यावर आणखी एक इम्पॉर्टंट चढवावा लागेल. मी टेम्प्लेटच्या नियमातला आयडीच काढला, नुसतं एच-टू ठेवलं. मराठी भागाला गुंडाळणाऱ्या डिव्ह टॅगवर लँग ‘एमआर’ (भाषा मराठी, अशी खूण) आधीपासून होतंच, म्हणून एच-टूला :लँग(एमआर) जोडून नवा नियम लिहिला. :लँग क्लासइतकाच मोजला जातो, म्हणून तो ०-१-१ भरतो, टेम्प्लेटच्या आता उरलेल्या ०-०-१वर सहज मात करतो.

चौकोनी कंसातला लँगचा सिलेक्टर इथे चालला नसता. ज्या टॅगवर ते ॲट्रिब्यूट लिहिलंय, तेवढाच तो पकडतो. :लँग मात्र भाषा आईबापांकडून, म्हणजे बाहेरच्या टॅगकडून, आलेली असली तरी ओळखतो, त्यामुळे दर शीर्षकावर वेगळं काही लिहायला नको.

त्याच नियमात लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ची १.६ केली. दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळत होते. तिरका मजकूर मराठीत सरळ आणि ठळक केलाय. ब्राउझरने ओढून तिरपी केलेली देवनागरी मला बघवत नाही. फाँट मुक्ता, इथल्याच, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा. तो उतरला नाही तर मागे र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँट आहे.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

फारच सुरेख दिसतंय आता. एक विचारतो, कार्यक्रमांच्या यादीपुढे इंग्रजी आकडे येतात. ते मराठीत हवे असतील तर हाताने टाइप करायचे का?

---

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, हाताने नको. एखादा कार्यक्रम मागेपुढे झाला की सगळे आकडे पुन्हा बदलत बसाल. लिस्ट-स्टाइल-टाइपला (यादीपुढे काय यावं ते ठरवणाऱ्या गुणधर्माला) ‘देवनागरी’ हे मूल्य तयारच आहे. ते मी फक्त ‘कार्यक्रम’ क्लासच्या यादीला दिलंय. आत आरत्यांची पोटयादी आहे, तिला ठिपकेच हवेत. हे मूल्य वारशाने खाली उतरतं खरं, पण ठिपक्यांच्या यादीला ब्राउझरचा स्वतःचा नियम असतो, म्हणून त्या पोटयादीचे ठिपके आपोआप तसेच राहिले.

ताई, पान वर चढवलंय. तुमच्याकडे जुनंच दिसलं तर एकदा रिफ्रेश करा. आईने सकाळी चहा घेताना पुन्हा सगळं वाचलं. ‘महाप्रसाद’ आता जोडलेला आहे, म्हणाली.