मदत हवी आहे: ग्रंथालयाची इमारत कुणाच्या पैशातून?

वाचक_डिचोली: स्मरणिका सोमवारी छपाईला जायची आहे. गोव्यातल्या आमच्या ग्रंथालयाची इमारत साबांखाने (सार्वजनिक बांधकाम खात्याने) बांधली, पण निधी कुणाचा याचा एक कागद सापडत नाही. जुने सभासद खासदार निधी म्हणतात. कार्यालयात 'फाईल नाही' एवढंच उत्तर. लवकर सांगा.

चिरा: वर्ष? पालिका की पंचायत? जागा कुणाची?

वाचक_डिचोली: पंचायत. उद्घाटन १९८९, हे नक्की.

खाजन: मग खासदार निधी बाद. ती योजनाच डिसेंबर १९९३ ची. वरचा मजला किंवा शेड मागाहून झाली असेल, त्याची सरमिसळ होतेय. शिवाय साबांखाने बांधलं म्हणजे पैसा साबांखाचाच, असं नाही. दुसरं खातं पैसे भरतं, साबांखा काम करतं. याला डिपॉझिट वर्क म्हणतात. मंजुरीच्या आदेशात लेखाशीर्ष बघा, म्हणजे खर्च कशाखाली टाकला त्याचा आकडा. ४०५९ म्हणजे सार्वजनिक बांधकाम, ४२०२ म्हणजे शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती. एप्रिल १९८७ च्या आधीच्या आदेशावर तीन आकडी शीर्ष असेल.

सह्याद्री_पुणे: सातबारा काढा, सगळं कळेल.

चिरा: गोव्यात सातबारा नाही, त्याजागी एक-चौदाचा उतारा. त्यावरही जमिनीचा कब्जेदार दिसेल, इमारतीचा पैसा नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये. 'फाईल' मागू नका. प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि अंतिम बिल अशी नावं घालून मागा.

खाजन: उत्तराला ३० दिवस, यांची छपाई सोमवारी! आधी राजपत्र. जमीन संपादित केली असेल तर भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना राजपत्राच्या दुसऱ्या मालिकेत मिळेल. सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर जुने अंक आर्थिक वर्षाप्रमाणे आहेत. ३० मे १९८७ आधीचं सगळं 'गोवा, दमण व दीव' या नावाखाली शोधा.

मांडवीकाठ: पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं. स्मरणिकेत त्याचा उल्लेख हवाच.

चिरा: तो विषय वेगळा. कोनशिला आहे का?

वाचक_डिचोली: आहे, संगमरवरी. दोनदा ऑइल पेंट फासलाय, एक अक्षर दिसत नाही.

दाखलांक: रिमूव्हर आणि तारेचा ब्रश अजिबात नको, पेंटबरोबर अक्षरांच्या खोबणीतला मूळ काळा रंगही जाईल. रात्री दिवे बंद करा, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खोबणीत सावली पडते. कॅमेरा न हलवता चारही बाजूंनी प्रकाश टाकून फोटो काढा. तरी अडलं तर पातळ कागद चिकटवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा.

वाचक_डिचोली: वाचलं! 'पायाभरणी' आणि १९८६. खाली 'शिक्षण खा' एवढंच, पुढे रंगाचा गठ्ठा. वर्ष कुठलं छापू?

खाजन: दोन्ही, पायाभरणी आणि उद्घाटन असं वेगवेगळं. पण 'शिक्षण खात्याच्या निधीतून' लिहू नका. कोनशिलेवर समारंभाचं यजमान खातंही असतं. 'कोनशिलेवर शिक्षण खात्याचा उल्लेख आहे' एवढंच लिहा, अर्ज मात्र आजच टाका.

दाखलांक: आणि दाखल नोंदवहीचं (आलेल्या पुस्तकांच्या नोंदीची वही) पहिलं पान बघा. पहिली नोंद १९८९ आधीची निघाली तर ग्रंथालय इमारतीपेक्षा जुनं, आणि तेव्हा ते कुणाच्या जागेत होतं हे पंचायतीच्या ठरावात शोधायचं.