शिवणीतली माया
रेडीमेड कपडे टिकत नाहीत असं म्हटलं की काही जण म्हणतात, ग्राहकालाच स्वस्त हवं असतं, त्याला कंपनी काय करणार. मला ते अर्धंच पटतं. दुकानात आपण कापड चाचपतो, पण आतली शिवण कितपत टिकेल हे फक्त बनवणाऱ्याला माहीत असतं. माझी आठ महिन्यांची रेडीमेड पँट मांडीच्या जोडावर उसवली. शिंपीकाकांनी उलटी करून दाखवली: आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, तीही ओव्हरलॉकमध्ये (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या मशीनच्या टाक्यांत) गेलेली. "धरायला कापडच नाही, शिवू कुठे?" म्हणाले. त्यांनीच शिवलेली बाबांची पँट मागच्या मायेमुळे दोनदा सैल करता आली, अजून वापरात आहे.

फ्रान्समध्ये कपडे विकणाऱ्या कंपन्यांना जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीसाठी दीड दशकाहून जास्त काळ वर्गणी भरावी लागते. नोव्हेंबर २०२३ पासून त्याच पैशातून दुरुस्तीच्या बिलात काही युरोंची थेट सूट मिळते, मात्र नोंदणी केलेल्या कारागिराकडेच. म्हणजे रफूचा थोडा खर्च तरी कंपनीच्या खिशातून जातो. आपल्याकडे निदान मांडीला, कंबरेला पुरेशी माया सोडणं तरी सक्तीचं करा. त्याला कापड लागतं ते बोटभर.