कंपनीतलं 'आपलं फेसबुक': तुमच्याकडे कसं सुरू झालं?

चाटीगल्ली: वर्कप्लेस, म्हणजे फेसबुकवाल्यांचं कंपनीतल्या लोकांसाठीचं वेगळं अॅप, १ सप्टेंबर २०२५ पासून नुसतं वाचण्यापुरतं अन् तेही ३१ मे २०२६ पर्यंतच, हे वाचलं अन् आमच्या टॉवेल कारखान्यातले ते दिवस आठवले. मी एचआरला होते. आधी ऑफिसातलेच लोक, वाढदिवसाचे केक, साहेबांचे सुविचार. माग खात्याला कंपनीचा मेल आयडीच नव्हता, मग येणार कसे? शेवटी पगाराच्या स्लिपबरोबर प्रत्येकाला कोड दिला. तरी शांतच. मग एका जॉबरमामांनी (माग दुरुस्त करणारे) तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, कसा जोडायचा त्याचा व्हिडिओ टाकला, अख्खा तेलुगूत. रात्रपाळीची पोरं खाली प्रश्नावर प्रश्न विचारायला लागली अन् मामा घरून उत्तरं देत होते. मला अजून भरून येतं. तुमचे अनुभव लिहा.

हुतात्मावाला: पुण्यात आयटीत आमच्याकडे तसलंच यॅमर, २०१२ ला मायक्रोसॉफ्टनं १२० कोटी डॉलरला घेतलं ते, आता विवा एंगेज म्हणतात. कामाचं कोणी काय लिहीत नव्हतं पण आमचा सोलापूरकरांचा ग्रुप जोरात, शुक्रवारी कोण निघालंय, कोणाकडं जादा तिकीट आहे, येताना शेंगाचटणी कोण आणतंय

रेश्मा_सातरस्ता: चटणी कुठली आणायचे दादा? लाटलेली का कुटलेली

हुतात्मावाला: कुटलेलीच ओ ताई, तेल सुटलेली

पांढरी_टोपी: दवाखान्यात नर्सिंगला आहे, आमच्याकडेपण वर्कप्लेसच होतं. सगळ्या बायकांना एकच भीती, माझे घरचे फोटो साहेबांना दिसणार का. खातं वेगळं असतं, तुमच्या फेसबुकशी संबंध नाही, हे कोणी नीट सांगितलंच नाही, नुसतं जॉइन व्हा जॉइन व्हा. शेवटी आमच्या सिस्टरनं स्वतःचा फोन सगळ्यांच्या हातात देऊन दाखवलं. मग ड्यूटी बदलायला तेच, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी तर फार उपयोग व्हायचा. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

विंचूरकर२: आमच्याकडं एकानं कँटीनच्या पाण्याची तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावलं. झालं, पुढं कोणी तोंड उघडलं नाही. अॅप कितीही भारी आणा, पहिल्या तक्रारीला मालक तिथंच, सगळ्यांसमोर, काय उत्तर देतो ते लोक बघतात

चाटीगल्ली: अगदी खरं. आमच्या मॅनेजरांनी पंख्याच्या तक्रारीखाली स्वतः लिहिलं, सोमवारी बसवतो, अन् बसवला. त्यानंतर धागाखात्यातल्या मावश्यासुद्धा बोलायला लागल्या, टाइप येत नाही म्हणून नातवाकडून लिहून घ्यायच्या.

रेश्मा_सातरस्ता: किती छान 🙏 त्या मामांचे व्हिडिओ उतरवून ठेवले का ताई? बंद झालं की सगळं जातं

चाटीगल्ली: उतरवले. नव्या पोरांना तेच दाखवतात

अक्कलकोटरोड: ताई टॉवेल घाऊक मिळतील का, बहिणीचं लग्न आहे, आहेराला पाहिजेत

चाटीगल्ली: मिळतील की. किती नग अन् साइज काय ते व्यनि (खाजगी निरोप) करा, विचारून सांगते