व्हेंटिलेटरच्या प्रेशर सपोर्ट मोडवर मशीन श्वासाचा रेट १८ दाखवतं, हाताने मोजला तर २६. मोड बदलावा का?

रात्रपाळी_आयसीयू:
सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुना आजार) पेशंट, पुरुष, उंची १६५ सेंमी. दोन दिवस व्हॉल्यूम कंट्रोलवर होता, ४०० मिली, रेट १४. सकाळी प्रेशर सपोर्टवर घेतलंय: सपोर्ट (प्रत्येक श्वासाला मशीन देतं तो जादा दाब) १८, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ५, ट्रिगर (पेशंटने किती ओढलं की मशीन श्वास देतं) मिनिटाला २ लिटर. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ६२० मिली येतोय. मशीन रेट १८ दाखवतं, पण पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजलं तर २६ भरतात. मधले आठ श्वास कुठे जातात? ट्रिगर हलका करू की परत व्हॉल्यूम कंट्रोलवर नेऊ?

श्वासमापक:
हाताने मोजलंत हे फार चांगलं केलंत. ते आठही श्वास पेशंट घेतोय, पण मशीनला ते कळत नाहीत.

कोणत्याही मोडमध्ये तीनच गोष्टी बघायच्या: श्वास कोण सुरू करतं, मशीन काय ठरवून देतं आणि श्वास कधी थांबतो. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये मिली ठरलेले असतात, प्रेशर फुफ्फुसावर अवलंबून. प्रेशर कंट्रोलमध्ये याच्या उलट. श्वास आत जायचा वेळ मात्र दोन्हीत आपणच ठरवतो. प्रेशर सपोर्टमध्ये श्वास पेशंट सुरू करतो आणि फ्लो (हवेच्या प्रवाहाचा वेग) त्याच श्वासातल्या सर्वोच्च फ्लोच्या साधारण २५ टक्क्यांवर उतरला की मशीन सोडून देतं.

गाडं अडतं ते इथे. सीओपीडीत फ्लो सावकाश उतरतो. पेशंटला श्वास सोडायचा असतो, मशीन अजून भरतच असतं. मग सोडायला वेळ पुरत नाही, हवा आत साठते, तिचा दाब म्हणजे ऑटो-पीप तयार होतो. पुढच्या श्वासाला आधी त्या साठलेल्या हवेचा दाब ओढून हरवायचा, मगच ट्रिगरपर्यंत पोहोचायचं. अशक्त स्नायूंना ते दरवेळी जमत नाही. फ्लोचा ग्राफ बघा: श्वास सोडतानाच्या रेषेत मध्येच वर उचललेला छोटा उंचवटा दिसेल, त्याच क्षणी प्रेशरची रेषा किंचित खाली दबलेली. तोच वाया गेलेला श्वास.

आणि ६२० मिली जास्तच आहेत. उंचीवरून अपेक्षित वजन काढा: ५० + ०.९१ × (१६५ − १५२.४) = ६१.५ किलो. म्हणजे किलोला १० मिली! सपोर्ट दोन-दोनने खाली आणा, १० ते १२ पर्यंत. व्हॉल्यूम ४०० ते ४५० च्या आसपास आला पाहिजे. सायकल-ऑफ (फ्लो किती टक्क्यांवर आला की मशीन सोडतं) २५ वरून ४० ते ५० टक्क्यांवर न्या. प्रत्येक बदलानंतर पुन्हा हात ठेवून मोजा. मशीनचा रेट वाढून हाताच्या आकड्याला मिळाला तर बरोबर चाललंय, तो वाढलेला रेट बघून घाबरून सपोर्ट वाढवू नका. मानेचे स्नायू ओढायला लागले किंवा रेट ३५ च्या वर गेला, तर मात्र सपोर्ट जास्त कमी झालाय.

पीप_आणि_फ्लो:
सहमत. ट्रिगर हलका करून मूळ दुखणं जात नाही, उलट सर्किटमधलं पाणी हललं तरी मशीन श्वास द्यायला लागतं. सर्किट आधी रिकामं करा.

बाहेरचा पीप थोडा वाढवला तर ट्रिगर सोपा होतो, ऑटो-पीपच्या ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत. पण पेशंट स्वतः श्वास घेत असताना एक्स्पिरेटरी होल्डचा (श्वास सोडल्यावर मशीन थांबवून ऑटो-पीप मोजण्याचा) आकडा भरवशाचा नसतो. म्हणून एकेकने वाढवा आणि वाया जाणारे श्वास कमी होतात का ते बघा.

रात्रपाळी_आयसीयू:
धन्यवाद सर. आमच्याकडे काही जण सिम्व्हवर (मशीन ठरावीक श्वास देतं, मधले पेशंट स्वतः घेतो) टाकून मशीनचा रेट हळूहळू कमी करा म्हणतात.

श्वासमापक:
नको. १९९५ च्या स्पॅनिश अभ्यासात ती पद्धत सर्वांत संथ ठरली: मशीन सुटायला मध्यक ५ दिवस, तर दिवसातून एकदा स्वतः श्वास घेऊ देण्याच्या चाचणीने ३. सपोर्ट ५ ते ८ वर टिकला की ३० मिनिटांची चाचणी घ्या.

आज रात्रीसाठी एक: प्रेशर सपोर्टमध्ये कफ अडकला की प्रेशरचा अलार्म वाजत नाही, व्हॉल्यूम गुपचूप घसरतो. मिनिट व्हॉल्यूमची (मिनिटभरातली एकूण हवा) खालची मर्यादा आणि ॲप्नियाचा (श्वास थांबण्याचा) बॅकअप आत्ताच तपासून घ्या.