सर्व्हरचा ग्राफ देखणा हवा की खरा?

डेमन_दादा
‘डॅशबोर्ड देखणा कसा कराल’ या धाग्यावर काल तीन सल्ले वाचले. रेष स्मूथ करा, तुटलेल्या जागा जोडून टाका आणि सगळ्या सर्व्हरची सरासरी काढून एकच रेष दाखवा. खाली +१ ची रांग. तिथे लिहायला बसलो तर प्रतिसादाचा प्रबंध झाला, म्हणून इथे.

तुटलेली जागा म्हणजे त्या वेळी प्रोमिथियसने (सर्व्हरना ठरावीक वेळाने आकडे विचारून साठवणारा प्रोग्राम) विचारलं आणि सर्व्हरने उत्तर दिलं नाही. अख्ख्या ग्राफमध्ये तेवढीच जागा काहीतरी सांगू बघतेय आणि तुम्ही ग्राफानात (त्या आकड्यांचे ग्राफ काढणारं टूल) फटी जोडणाऱ्या ‘कनेक्ट नल व्हॅल्यूज’ला ‘ऑलवेज’ करून तिचं तोंड दाबताय. आमच्या एका क्लायंटचा डेटाबेस रात्री २:१० ला झोपला, २:२५ ला आपोआप उठला. सकाळच्या मीटिंगमध्ये सीपीयूची रेष ३० वरून ३५ टक्क्यांवर अलगद चढलेली. सगळे खूश! त्यांच्याच कोणीतरी ‘देखणा’ केलेला ग्राफ होता तो.

स्मूथ म्हणजे दोन मोजलेल्या ठिपक्यांमधलं वळण मनाने काढायचं. आणि सरासरी? दहा मशीनपैकी एक १०० टक्क्यांवर धापा टाकतंय, बाकीची नऊ २० वर. सरासरी २८. डॅशबोर्ड हिरवागार. ज्याची रिक्वेस्ट त्या दहाव्यावर गेली त्याला जाऊन सांगा, की बाबा रे, हिरवं आहे.

स्लाइड_सम्राट
तो धागा माझा. नाव घ्यायला लाज वाटायचं कारण नव्हतं.

डॅशबोर्ड बघतं कोण, हे आधी सांगा. तुमच्याकडे अलर्ट येतात, टर्मिनल आहे, लॉग आहेत. भिंतीवरच्या टीव्हीसमोर उभा असतो तो क्लायंट. दर १५ सेकंदांनी स्क्रेप (आकडे विचारण्याची फेरी), त्यातला एखादा नेटवर्कपायी चुकतो. प्रोमिथियस २.० पासून स्क्रेप फसला की सीरीज तिथल्या तिथे स्टेल, म्हणजे रेष तुटलीच. पूर्वीसारखा जुना आकडा ५ मिनिटं पुढे ओढला जात नाही. मग ग्राफ कंगव्यासारखा दिसतो आणि प्रत्येक फटीमागे एक फोन. ते फोन तुम्ही घेता का? मी घेतो.

आरआरडी_आजोबा
हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. ग्राफची आमची जुनी टूल्स, एमआरटीजी १९९५ चं, आरआरडीटूल १९९९ चं, दोन्ही टोबी ओएटिकरची. आरआरडीची फाइल पहिल्या दिवशी जेवढी बनते तेवढीच राहायची, डिस्क भरायची भीती नाही. जुना डेटा मात्र आटवून, अनेक आकड्यांचा एक करून, ठेवला जायचा.

एका शाळा-कॉलेजवाल्या साइटचं काम होतं. दहावीचा निकाल, दुपारी १ वाजता. १२:५९ पर्यंत ग्राफ जमिनीवर, १ ला उभी भिंत. पुढच्या वर्षी किती मशीन लागतील म्हणून तोच ग्राफ उघडला, तर भिंतीच्या जागी उंचवटा. सेटअप करणाऱ्याने फक्त ‘अ‍ॅव्हरेज’ साठवलं होतं, ‘मॅक्स’ची ओळ घातलीच नव्हती. वर्षभरात शिखर झिजून गेलं. तेव्हा डेमन_दादा, सरासरीबद्दल बरोबर बोलताय, पण तुमच्या प्रोमिथियसची तारीफ नको. तो मुळात १५ दिवसच ठेवतो.

डेमन_दादा
१५ हा डीफॉल्ट आहे आजोबा, बदलता येतो.

आरआरडी_आजोबा
बदलतं कोण?

पी९९
सरासरी वाईट म्हणून पर्सेंटाइल लावणाऱ्यांनीही जरा थांबा. गेल्या नोकरीत पी९९ ची (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात संपतात ती वेळ) रेष आठवडाभर बरोब्बर १० सेकंदांवर. ना वर ना खाली. टीम म्हणाली, सिस्टीम स्टेबल आहे. प्रोमिथियसच्या हिस्टोग्राममध्ये रिक्वेस्ट लागलेल्या वेळेनुसार बकेटमध्ये मोजल्या जातात, आणि डीफॉल्ट बकेटमध्ये शेवटची मर्यादा १० सेकंद. त्यापलीकडे गेलेलं सगळं ‘इन्फिनिटी’च्या बकेटमध्ये, आणि उत्तर तिथे पडलं की पर्सेंटाइल काढणारं फंक्शन गुपचूप १० देतं. खरी रिक्वेस्ट ४० घेत असेल तरी १०. वर कोणीतरी दहा सर्व्हरच्या पी९९ ची सरासरीही काढली होती. ती संख्या कशाचीच नसते. आधी बकेट बेरीज करा, मग पर्सेंटाइल काढा.

फ्रँकफर्टकर
डेमन_दादा, २:१० म्हणजे कुठले २:१०?

डेमन_दादा
भारतातले. सर्व्हर मुंबईत, माणसं पुण्यात.

फ्रँकफर्टकर
म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या रात्रीचे ८:४०. लॉग यूटीसीत असणार. ग्राफाना न सांगता ब्राउझरची वेळ लावतं, त्यामुळे तुम्ही लिंक पाठवली की मला वेगळेच आकडे दिसणार. तुम्ही फटींवर भांडताय, इथे अर्धी टीम चुकीच्या तासाकडे बघतेय. सगळं यूटीसीत ठेवा, विषय संपला.

क्रॉन_काकू
विषय कसला संपतो! इन्फ्लक्समध्ये (वेळेनुसार आकडे साठवणारा डेटाबेस) रोजचा बार काढायला ‘ग्रुप बाय टाइम’ एक दिवसाचा लावला आणि टाइमझोन दिला नाही, तर आपला दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो. रात्री १२ ते साडेपाचचा ट्रॅफिक आदल्या दिवसाच्या खात्यात. अकाउंट्सवाले महिनाअखेरीला रजिस्टर घेऊन माझ्या डेस्कवर. त्यांना यूटीसी सांगा बघू.

फ्रँकफर्टकर
काकू, अकाउंट्सचा रिपोर्ट वेगळा, इन्सिडंट वेगळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळ तासभर मागे घेतात, २ ते ३ हा तास दोनदा येतो. त्या रात्री ऑन-कॉल करून बघा लोकल टाइममध्ये.

स्लाइड_सम्राट
तुमचं घड्याळ मागेपुढे होतं म्हणून आम्ही रात्री २ ला मनातल्या मनात साडेपाच वजा करायचे? परदेशात बसून शिकवणं सोपं असतं.

फ्रँकफर्टकर
नऊ वर्षं हिंजवडीत काढलीत साहेब, रात्रपाळीसकट. वैयक्तिक व्हायचं असेल तर तसं सांगा.

क्रॉन_काकू
हिंजवडीत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचं कोणी सांगू नये. ट्रॅफिकचा खरा अनुभव आहे त्यांना.

डेमन_दादा
मूळ मुद्द्यावर या. स्लाइड_सम्राट, कंगव्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पण त्याला ‘ऑलवेज’ कशाला? तिथेच खाली ‘थ्रेशोल्ड’ आहे. मिनिटभराची फट जोडा, त्याहून मोठी उघडी राहू द्या. एवढं मला चालेल. स्मूथ मात्र मेलो तरी नाही.

स्लाइड_सम्राट
धन्य झालो. एका ड्रॉपडाउनसाठी केवढा हा प्रबंध! थ्रेशोल्ड लावतो. स्मूथ ठेवतो.

पी९९
पण डेटाबेस पडला कशाने? कोणीच विचारलं नाही.

डेमन_दादा
ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग). बॅकअपची स्क्रिप्ट त्याच मशीनवर, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) २ वाजता. मेमरी संपली, कर्नलने सगळ्यात जाड प्रोसेस शोधून डेटाबेसच उडवला. सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने परत उठवला, पण रिकव्हरीला वेळ गेला.

पी९९
मेमरीच्या पॅनलवर मेमफ्री लावलंय की मेमअव्हेलेबल? मेमफ्री असेल तर ती रेष कायमच तळाला असणार. लिनक्स रिकामी मेमरी कॅशेला (वाचलेल्या फाइल हाताशी ठेवायला) वापरतो, मग खरी संपली तरी कळणार कसं?

स्लाइड_सम्राट
फ्री आणि अव्हेलेबल वेगळं असतं?

आरआरडी_आजोबा
यावर वेगळा धागा काढा. इथे नको.