१ मे १९६०चं पहिलं पान कसं लावू?

आर्या_एसवाय:
वर्गात प्रकल्प दिलाय. १ मे १९६०च्या दैनिकाचं पहिलं पान करायचंय, ए-थ्री कागदावर. कॅनव्हाच्या तयार साच्यात मराठी मजकूर टाकला की उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात. कॉलम किती ठेवू? आणि यशवंतरावांचा फोटो मधोमध, तिरंगी बॉर्डरसकट, बरा दिसेल ना?

निखिल:
कॉलेजच्या लॅबमध्ये पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन असेल तर ते घे. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडायला विसरू नकोस, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

रात्रपाळी:
अगं, बॉर्डर आधी काढून टाक. मी निवृत्त होईपर्यंत पानंच लावली, म्हणून हक्काने सांगतोय. संगणक बाजूला ठेव, पेन्सिलीने डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, काढ. ए-थ्री म्हणजे २९७ बाय ४२० मिमी. त्यात आठ कॉलम कोंबू नकोस, पाच पुरे. दोन्हीकडे १२ मिमी समास आणि मधे ४ मिमीच्या फटी सोडल्यास की कॉलम ५१ मिमीचा पडतो. मजकूर १० पॉइंटात, ओळअंतर १३. मराठीला वर मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर चिकटणारच.

लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, राज्यस्थापनेची, त्यात वाद नाही. पण गुजरातही त्याच दिवशी झालं, तिथले मुख्यमंत्री जीवराज मेहता, ती सेकंड लीड. दोन्ही हेडिंगं एका रेषेत शेजारीशेजारी मात्र लावू नकोस. वाचणारा सरळ पुढे वाचत जातो आणि ‘महाराष्ट्र राज्य अस्तित्वात जीवराज मेहता मुख्यमंत्री’ होऊन बसतं! फोटो पेपर आडवा दुमडतो त्या घडीच्या वर, एका बाजूला, चेहरा पानाच्या आत वळलेला. मधोमध ठेवलास तर पान दुभंगतं.

काळही सांभाळ. फोटो काळापांढरा, कॉलमांमध्ये बारीक उभी रेघ. तेव्हा छापखान्यातले जुळारी शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचे, हेडिंग बसेना म्हणून अक्षरं दाबायची सोय नव्हती, शब्दच बदलावा लागे. तूही तेच कर. वार रविवार, आणि किंमत ‘नये पैसे’त, दशमान पैशाला तेव्हा तसंच म्हणत.

आर्या_एसवाय:
बापरे, ‘नये पैसे’ डोक्यातच आलं नसतं! काका, लीडच्या दहाबारा ओळी उरतायत. टाइप ९ करू?

रात्रपाळी:
मुळीच नको. शेवटून काप. महत्त्वाचं आधी लिहायचं ते एवढ्यासाठीच. आणि ‘पान ३ वर’ लिहून सुटू नकोस, तुझ्याकडे पान ३ आहे कुठे?