शब्दचर्चा : चीट, चिंट्झ आणि पलंगपोस

प्रश्न

एका प्रदर्शनाच्या फलकांचं मराठी करते आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरून (भारताचा आग्नेय किनारा) जहाजांनी युरोपात गेलेलं सुती कापड, हा विषय. मूळ मजकुरात जागोजागी 'चिंट्झ' आणि 'पालमपोर' (पलंगावर घालायचं नक्षीदार कापड) आहे. 'चिंट्झ' तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला ते परकं वाटेल, म्हणून सध्या 'छापील सुती कापड' लिहिलंय. मनात 'चीट' होतं, पण तो शब्द इंग्रजीवरूनच मराठीत आला असं मला कुणीतरी सांगितलं. खरं आहे का? आणि पालमपोरचं काय करू?

प्रतिसाद १

उलटं आहे, ताई. इंग्रजीनं तो शब्द इथून नेला. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी एका कापडाला 'चिंट' आणि अनेकांना 'चिंट्स' लिहीत. तो अनेकवचनाचा 'स' शब्दाला कायमचा चिकटला आणि पुढे त्याचा 'झ' झाला. पोर्तुगीजांनी त्याच कापडाला 'शिता' म्हटलं, डचांनी 'सिट्स', जर्मनांनी 'त्सित्स'. एवढ्या भाषांनी आपापल्या जिभेनुसार वळवलेला शब्द आपणच परका समजून टाकून द्यायचा, हे मला फार लागतं.

व्युत्पत्ती दोन सांगतात. एक हिंदी 'छींट' म्हणजे शिंतोडा, रंगाचे थेंब उडवल्यासारखं कापड. दुसरी संस्कृत 'चित्र', म्हणजे ठिपक्यांचं, रंगीबेरंगी. चितळ आणि चित्ता हे शब्द याच 'चित्र'पासून आले. माझा कल दुसरीकडे आहे. मराठी 'चीट'मध्ये अनुस्वार नाही आणि पोर्तुगीज शब्दातही नाही. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर जे ऐकलं तेच उचललं असावं.

आमच्या घरी चिटाचा परकर, चिटाचं पोलकं हे रोजचे शब्द होते. आजीच्या एका गोधडीत आतल्या बाजूला लाल फुलांच्या चिटाचा तुकडा आहे. कापडाची जमीन, म्हणजे फुलांमागचा रंग, धुऊन धुऊन विटली, पांढुरकी झाली, पण फुलांची लाल कड अजून तशीच आहे. तेव्हा बिनधास्त 'चीट' लिहा. 'छीट'ही चालतं.

प्रतिसाद २

मी नैसर्गिक रंगांचं काम करते. 'चीट' मान्य, पण 'छापील' काढाच. तुमच्या फलकांवर कोरोमंडलची उंची कापडं असतील तर ती ठशांनी छापलेली नाहीत, कलमानं काढलेली आहेत.

आधी कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात, म्हणजे रेघ पसरत नाही. मग बांबूच्या कलमानं रेखाटन. काळ्या रेघेसाठी गुळाच्या पाण्यात लोखंड आंबवून केलेलं काट, म्हणजे कापडावर रंग पक्का धरणारं पाणी. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी. इथे डोळ्यांचा गोंधळ होतो, कारण तुरटी लावली तेव्हा लाल काहीच दिसत नाही. मग ते कापड 'चाय' नावाच्या मुळीबरोबर उकळलं, की जिथे तुरटी लागली तिथेच लाल चढतो, आणि बाकीच्या जागेवरचा फिकट रंग धुऊन, उन्हात घालून काढतात. निळ्यासाठी बाकी सगळं मेणानं झाकून कापड निळीत बुडवायचं. पिवळा शेवटी. मेहनत त्या कापडाच्या प्रत्येक पाकळीत आहे, म्हणूनच धुतल्यावर न जाणाऱ्या या रंगाचं युरोपाला एवढं वेड लागलं. तिथल्या विणकरांनी ओरड केली, तेव्हा फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदीच घातली. ती उठायला १७५९ उजाडलं. इंग्लंडनेही कायदे केले. पुढे तिकडच्या गिरण्यांनी स्वस्त नकला काढल्या आणि इंग्रजीत 'चिंट्झी' म्हणजे हलकं, भडक असा अर्थ रुजला. तो दोष नकलेचा, मूळ कापडाचा नव्हे.

प्रतिसाद ३

वरच्या मुद्द्याला एक पुरवणी. 'छापील' सरसकट चूक नाही. गुजरातचं कापड ठशांचं होतं, आणि ते कोरोमंडलच्या या व्यापाराच्या कितीतरी आधीपासून समुद्रापार जात होतं. कैरोजवळच्या जुन्या फुस्तातमध्ये त्याच्या चिंध्या सापडल्या. तशा बाराशेच्या आसपास चिंध्या ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर दिसते तशीच नक्षी इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कापडांवरही आहे. इजिप्तमध्ये ते कापड अंगावर घालून फाटलं आणि उकिरड्यात गेलं, तोराजांनी तेच पवित्र मानून ठेवलं. म्हणून फलकावर गाव किंवा किनारा लिहा. गुजरात असेल तर 'ठशांचं', कोरोमंडल असेल तर 'कलमाचं'.

प्रतिसाद १ (पुन्हा)

पालमपोर राहिलंच. तो आपला 'पलंगपोस'! मूळ फारसी 'पलंगपोश'. पोश म्हणजे झाकणारं, जसं मेजपोस. इंग्रजांच्या तोंडी त्याचा पालमपोर झाला. खाली खडकांचा ढीग, त्यातून निघालेलं नागमोडी खोडाचं झाड, आणि एकाच झाडाला दहा जातींची फुलं, हे चित्र बहुतेक पलंगपोसांवर दिसतं. ही नक्षी एका मुलखाची नाही. इराणी, चिनी, इंग्रजी सगळ्या आवडीनिवडी त्या झाडात मिसळल्या, कारण गिऱ्हाईक नमुने पाठवायचं आणि कारागीर ते आपल्या हातानं बदलायचा. 'पलंगपोस' वाचल्यावर मराठी माणसाला वस्तू डोळ्यासमोर दिसते. कंसात 'पालमपोर'ही देऊ नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चीट आमच्याकडेही नपुंसकलिंगीच, ते चीट, म्हणून तसंच ठेवते. पहिला फलक असा झाला :

'पलंगपोस. कलमानं काढलेलं चीट. सुती कापडावर चाय मुळीचा लाल आणि नीळ. कोरोमंडल किनारा, अठरावं शतक.'